चोवीस माणसे आणि एक कर्णा

१९३८ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एक पीठवाला गव्हर्नर म्हणून निवडून आला. पीठवाला हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरीत नाही. गव्हाचे पीठ विकणे हाच त्या गृहस्थांचा धंदा होता. डब्ल्यू. ली ओ'डॅनियल हे त्यांचे नाव. पिठाचा खप वाढावा म्हणून त्यांनी रेडिओवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा एक ताफा बसवला, मधून मधून स्वतः चार शब्द बोलू लागले, आणि पीठ खपता खपता एक दिवस त्यांच्या ध्यानात आले की आपला आवाज पिठापेक्षाही अधिक खपतो आहे. मग ताफा गाडीवर घालून ते गावोगाव हिंडले. आधी गाणे, मग भाषण, पुन्हा गाणे. मुरब्बी राजकारणी हसत राहिले आणि ओ'डॅनियल निवडून आले. तीन वर्षांनी सिनेटच्या निवडणुकीत त्यांनी १३११ मतांनी ज्यांना हरवले, ते लिंडन जॉन्सन पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले!

हे एकच उदाहरण असते तर गंमत म्हणून सोडून देता आले असते. परंतु शेजारच्या लुइझियाना राज्यात जिमी डेव्हिस नावाचा गायक 'यू आर माय सनशाइन' हे गाणे प्रचारसभांतून गात गात १९४४ मध्ये गव्हर्नर झाला आणि १९६० मध्ये पुन्हा एकदा झाला. टेनेसी राज्यात रॉय अकफ या नावाजलेल्या गायकाने १९४८ मध्ये हाच प्रयत्न केला; तो मात्र पडला. तेव्हा गाणे आणि निवडणूक यांची सोयरीक अमेरिकेच्या दक्षिण भागात चांगली जुनी आहे, हे ध्यानात ठेवूनच ज्या चित्रपटाबद्दल आज लिहायचे आहे त्याच्याकडे वळावे हे बरे. नाहीतर दिग्दर्शकाने काहीतरी तिरपागडे कल्पून काढले आहे असा आपला समज व्हायचा.

चित्रपटाचे नाव 'नॅशव्हिल'. दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन. प्रदर्शित झाला जून १९७५ मध्ये. नॅशव्हिल हे टेनेसी राज्याच्या राजधानीचे शहर, आणि अमेरिकेत ज्याला कंट्री म्युझिक म्हणतात त्या संगीताची पेठ. फिडल, बँजो, गिटार यांच्या साथीवर गायलेली ही गाणी. विषय साधे: आई, घर, आगगाडी, देव, दारू आणि सोडून गेलेली बायको. १९२५ साली तिथल्या एका रेडिओ केंद्राने शनिवारी रात्री असल्या गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्याचेच पुढे 'ग्रँड ओल ओप्री' असे नामकरण झाले. केंद्र एका विमा कंपनीच्या मालकीचे होते. केंद्राच्या नावातली डब्ल्यू, एस, एम ही तीन अक्षरेसुद्धा विमा कंपनीच्या जाहिरातवाक्याची आद्याक्षरे. तिथे पीठ, इथे विमा! गाणाऱ्याचा गळा खरा, ऐकणाऱ्याचा जीवही खरा, पण मधल्या दांडीला कोणीतरी आपली पिशवी अडकवून ठेवलेली असतेच.

चित्रपटात ही पिशवी अडकवणाऱ्या गृहस्थाचे नाव हॅल फिलिप वॉकर. तो राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आहे. त्याचा पक्ष नवा, 'रिप्लेसमेंट पार्टी', म्हणजे जुन्यांना काढून त्यांच्या जागी नवे आणू म्हणणारांचा. दोन तास चाळीस मिनिटांच्या या चित्रपटात वॉकर आपल्याला एकदाही दिसत नाही. दिसते ती त्याची गाडी. तिच्यावर कर्णे लावलेले आहेत आणि त्या कर्ण्यांतून त्याचा आवाज पाच दिवस शहरभर फिरत असतो. गाडीवरचे कर्णे आपल्याला काही नवे नाहीत. निवडणुकीच्या दिवसांत दुपारी जरा डोळा लागतो न लागतो तोच गल्लीच्या तोंडाशी असा आवाज उभा राहतो, हा अनुभव कोणाला नाही? वॉकरचे म्हणणे थोडक्यात असे: काँग्रेसमध्ये वकीलच वकील भरले आहेत, त्यांना हाकला; चर्चच्या मालमत्तेवर कर बसवा; राष्ट्रगीत कोणाला धड गाता येत नाही, ते बदला. काही गोष्टी पटतात, काही ऐकून हसू येते, आणि पटणाऱ्या कोणत्या व हसण्याजोग्या कोणत्या हे ठरवायच्या आत गाडी कोपऱ्यावरून वळून गेलेली असते. ही भाषणे टॉमस हॅल फिलिप्स नावाच्या मिसिसिपीच्या कादंबरीकाराने लिहिली आणि स्वतःच बोलून दाखवली. ऑल्टमनने त्याला सांगितले की तू खरोखरच निवडणुकीला उभा आहेस असे समजून लिही. भाषणांत नाटकी खोटेपणा नाही तो यामुळेच.

या गाडीच्या मागेपुढे चोवीस माणसे वावरतात. नायक नाही, नायिका नाही, आणि शाळेतल्या मुलांना चार ओळींत लिहायला सांगता येईल असे कथानकही नाही. गायक आहेत, गायिका आहेत, गायिका होऊ पाहणाऱ्या आहेत, त्यांचे नवरे, वकील, मोटारचालक, एक शिपाई, एक म्हातारा, आणि तीनचाकी लांबलचक फटफटीवरून हिंडणारा, सबंध चित्रपटात एक शब्दही न बोलणारा एक जादूगारही आहे. ऑल्टमनने जोन ट्यूक्सबरी या लेखिकेला आधी नॅशव्हिलला पाठवले आणि रोजनिशी लिहायला सांगितले. तिच्या वहीतूनच हा चित्रपट उभा राहिला. विमानतळावरून शहरात येताना ती वाहनांच्या कोंडीत अडकली होती. तीच कोंडी चित्रपटाच्या सुरुवातीला सगळ्या पात्रांना एका रस्त्यावर आणून उभे करते. माणसे गाड्यांतून उतरतात, आइस्क्रीम खातात, भांडतात, सह्या मागतात. आपल्याला वाटते आता ओळखी होतील. छे! रस्ता मोकळा होतो आणि जो तो आपल्या वाटेने जातो.

आमच्या घरी हा चित्रपट लागला तेव्हा पहिल्या वीस मिनिटांतच आतल्या खोलीतून प्रश्न आला, "अगं, एका वेळी चारचार जण बोलताहेत. तुला काही कळतंय का?"

मी म्हटले, "अहो, तीच तर गंमत आहे. ज्याचं ऐकावंसं वाटेल त्याचं ऐकायचं."

"मग आपल्या घरात काय वेगळं चालतं!" असे म्हणून ह्यांनी वर्तमानपत्र पुन्हा डोळ्यांपुढे धरले.

विनोद सोडा, पण ह्यांनी नकळत नेमक्या जागी बोट ठेवले होते. चित्रपटांत सर्वसाधारणपणे एक जण बोलतो तेव्हा बाकीचे गप्प राहतात. जगात असे कुठे होत नाही. ऑल्टमनने प्रत्येक नटाच्या अंगावर छोटासा बिनतारी मायक्रोफोन लावला आणि जिम वेब या ध्वनिलेखकाच्या मदतीने आठ वेगवेगळ्या पट्ट्यांवर आठ आवाज एकाच वेळी टिपले. नंतर त्यांतला कोणता वर काढायचा, कोणता खाली ठेवायचा, हे ठरवता येई. त्यामुळे पडद्यावर घोळका असला तरी नटांना आपली पाळी येईपर्यंत ताटकळत बसावे लागले नाही. सगळेच बोलत राहिले. आणि हे सगळे बोलणे कान देऊन ऐकत गेल्यावर माझ्या लक्षात आले की या शहरात गाणारे शेकडो आहेत, बोलणारे हजारो आहेत, फक्त ऐकणारे नाहीत. या चित्रपटाला राजकारणावरची टीका म्हणतात, संगीताच्या धंद्यावरची टीका म्हणतात. ते खोटे नाही. पण मला हा चित्रपट ऐकण्याविषयीचा वाटतो. वॉकरला मते मिळतात ती त्याचे कोणी ऐकते म्हणून नव्हेत. कोणीच कोणाचे ऐकत नाही अशा गावात ज्याचा कर्णा मोठा त्याचा आवाज आपोआप कानांत शिरतो, म्हणून.

ओपल नावाच्या बाई पाहा. जेराल्डीन चॅप्लिन, म्हणजे चार्ली चॅप्लिनची मुलगी, ही भूमिका करते. आपण बी.बी.सी.कडून आलो आहोत असे ओपल सगळ्यांना सांगते आणि हातात ध्वनिमुद्रक घेऊन फिरते. म्हणजे ऐकणे हाच हिचा व्यवसाय! पण मोडक्या मोटारींच्या ढिगात उभी राहून ती स्वतःचेच काव्यमय विचार त्या यंत्राला ऐकवते. एका प्रसिद्ध गायकाचा मुलगा, ज्याला बापाच्या सावलीत कधी गाता आलेले नाही, तो धीर करून हलक्या आवाजात तिला आपले गाणे म्हणून दाखवू लागतो. तेवढ्यात बाईंना पलीकडे सिनेमातला एक नट दिसतो आणि त्या गाणे अर्ध्यावर टाकून पळतात. पोराचा चेहरा फार वेळ दाखवलेला नाही. दाखवायची गरजही नाही.

किंवा तो म्हातारा, मिस्टर ग्रीन. त्याची बायको रुग्णालयात मरणपंथाला लागली आहे. तिला भेटण्यासाठी म्हणून दूरवरून भाची आली आहे, पण तिला रोज नवे कपडे आणि नवे गायक, मावशीकडे जायला सवड कुठे? एके दिवशी म्हाताऱ्याला बातमी कळते. तो बाकावर बसलेला असतो. शेजारी एक तरुण शिपाई येऊन बसतो आणि आपल्या आईच्या गोष्टी सांगू लागतो. पोरगा चांगला आहे, मनाने सरळ आहे. पण शेजारच्या माणसावर काय कोसळले आहे याचा त्याला पत्ता नाही. जाताना तो मावशींना माझा नमस्कार सांगा अशा अर्थाचे काहीतरी म्हणून जातो. आणि म्हाताऱ्याच्या तोंडून हुंदका आणि हसणे यांच्या मधला एक आवाज निघतो. हा प्रसंग दोन मिनिटांचाही नसेल.

मला स्वतःला सर्वांत जड गेली ती स्यूलीन गे ही मुलगी. विमानतळावरच्या उपाहारगृहात ती वाढण्याचे काम करते. तिला गायिका व्हायचे आहे आणि तिला गाता येत नाही. अगदीच येत नाही. हे तिच्याखेरीज सर्वांना ठाऊक आहे. पण तिला सांगत कोणी नाही. सांगतो फक्त एक जण, तिच्याबरोबर उपाहारगृहात काम करणारा वेड नावाचा काळा गडी, आणि तोही फार उशिरा. मी मराठीची प्राध्यापिका. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे दोनतीन वह्या माझ्या टेबलावर येतात. "बाई, वेळ मिळेल तेव्हा वाचाल का?" मुलगा किंवा मुलगी दारात अवघडून उभी असते. 'छान आहे' हे दोन शब्द किती स्वस्त पडतात आणि खरे सांगायला किती वेळ, किती माया लागते, हे त्या दारातच कळते. स्यूलीनवर एवढी माया करायला शहरात कोणाला सवड नव्हती.

मग वॉकरसाठी पैसे जमवायला शहरातल्या प्रतिष्ठित पुरुषांची एक बैठक भरते. फक्त पुरुषांची. स्यूलीनला तिथे गायला बोलावले आहे असे सांगतात. ती बिचारी आरशापुढे उभी राहून तयारी करून येते, गाऊ लागते, आणि खालून ओरडा सुरू होतो. त्यांना गाणे नकोच आहे. कपडे उतरलेले हवे आहेत. ती थांबते, घाबरते. उमेदवाराचा माणूस आणि गावातला वकील तिच्या कानात सांगतात: एवढे कर, म्हणजे उद्याच्या मोठ्या सभेत बार्बरा जीनबरोबर तुला गाऊ देऊ. बार्बरा जीन ही सगळ्या शहराची लाडकी गायिका, स्यूलीनचे दैवत. ती करते. कॅमेरा कुठेही चाळवत नाही. गाणे संपलेले असते, बँड वाजत राहतो, आणि एक पोरगी हातातले शेवटचे कपडे गर्दीत भिरकावून पळत सुटते. मला त्या बैठकीतल्या सभ्य माणसांचे चेहरे आठवतात. त्यांतले कोणी राक्षस नाहीत. रविवारी ते चर्चमध्ये दिसतात.

बार्बरा जीनचीही तऱ्हा तीच, फक्त पायरी वरची. रॉनी ब्लेकलीने ही भूमिका केली आणि गाणीही स्वतःच रचली. चित्रपटातल्या अनेक नटांनी आपापली गाणी स्वतःच रचली आहेत. भाजल्याच्या उपचारांनंतर बार्बरा जीन विमानाने परत येते, लोकांसमोर चार पावले टाकते आणि कोसळते. नवरा हाच तिचा व्यवस्थापक. तो तिला जपतो की राखतो हे सांगणे कठीण. बरे वाटण्याच्या आधीच तिला पुन्हा रंगमंचावर उभे करतात. एकदोन गाणी होतात, आणि तिसऱ्याच्या आधी ती बोलू लागते. लहानपणच्या आठवणी, आजी, घरातली कोंबडी, असे काहीबाही. वादक सुरुवात करतात, ती त्यांना थांबवते आणि आणखी एक आठवण सांगते. ती बडबडसुद्धा ब्लेकलीने स्वतःच लिहून आणली होती. प्रेक्षकांना वाटते गाणे लांबते आहे. आरडाओरडा सुरू होतो. मला वाटले, या बाईला आयुष्यात प्रथमच गाणे सोडून काही सांगायचे आहे. पैसे गाण्याचे भरलेले. सांगणे कोण ऐकणार? नवरा तिला खांद्याला धरून आत नेतो आणि संतापलेल्या लोकांची समजूत घालण्यासाठी दुसऱ्या दिवशी फुकट कार्यक्रमाचे वचन देऊन बसतो. वॉकरच्या माणसाला हवे होते तेच मिळाले.

या सगळ्या कोलाहलात ऐकणारे कोणी आहे काय? एक आहे. लिनिया रीस. लिली टॉम्लिनचे हे चित्रपटातले पहिलेच काम. लिनिया गोरी, पण काळ्या गायकवृंदाबरोबर भक्तिगीते गाते. नवरा तोच, बैठक भरवणारा वकील. तिला दोन मुले आहेत आणि दोघांनाही ऐकू येत नाही. जेवणाच्या टेबलावर मुलगा हातांच्या खुणांनी आपल्या पोहण्याच्या परीक्षेची हकीकत सांगतो. आईचे डोळे त्याच्या बोटांवर खिळलेले असतात. बाप मध्येच विचारतो, काय म्हणतोय तो? त्याला खुणांची भाषा येत नाही. इतकी वर्षे झाली, शिकला नाही. वकिलाच्या या एका प्रश्नावरून त्या घराची सगळी हकीकत मला कळली.

टॉम नावाचा एक देखणा गायक लिनियाच्या मागे लागतो. हा टॉम असा की शेजारी बाई असतानाही आपल्याच गाण्यांची ध्वनिफीत लावून ठेवतो. ऐकायचे तर स्वतःलाच! एका रात्री गर्दीने भरलेल्या क्लबात तो 'आय्‌म ईझी' हे गाणे म्हणतो. इथे हा प्रसंग जरा थांबून पाहण्यासारखा आहे. श्रोत्यांत चार स्त्रिया आहेत आणि गाणे आपल्यासाठीच आहे अशी चौघींचीही समजूत. तिघी इकडेतिकडे पाहतात, हसतात, खात्री करून घेतात. लिनिया मागच्या कोपऱ्यात बसली आहे. ती हलत नाही. कॅमेरा हळूहळू तिच्याकडे सरकतो, तिच्या तोंडून शब्द नाही, आणि तरी एखाद्याच्या गाण्याने एखादे माणूस आतून कसे हलते हे आपण पाहतो. पुढे काय होते ते सांगण्यात अर्थ नाही. एवढेच सांगते की तो तिच्याकडून खुणांच्या भाषेतले प्रेमाचे शब्द शिकून घेतो, आणि ती निघायची तयारी करू लागते न लागते तोच दुसऱ्या बाईला फोन लावतो. कीथ कॅराडीन या नटाने हे गाणे रचले आणि गायले. ऑस्करच्या पाच नामांकनांतून चित्रपटाच्या पदरात पडले ते एवढे एकच, गाण्याचे.

आता शेवटाकडे येते. ज्यांना शेवट आधी कळलेला खपत नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत.

नॅशव्हिलमध्ये एक पार्थेनॉन आहे. अथेन्सच्या देवळाची हुबेहूब, त्याच मापाची प्रतिकृती, टेनेसी राज्याच्या शताब्दी प्रदर्शनासाठी १८९७ मध्ये बांधलेली आणि पुढे काँक्रीटमध्ये पुन्हा उभारलेली. लोकशाहीच्या माहेरघरातल्या देवळाची काँक्रीटमधली नक्कल! ऑल्टमनने सभा भरवली ती त्याच्याच पायऱ्यांवर. राजकारणाचा फलक लावणार नाही असे बार्बरा जीनच्या नवऱ्याला कबूल केलेले असते. प्रत्यक्षात मागे वॉकरच्या नावाचा भलामोठा कापडी फलक झळकतो आहे. वॉकरच्या काळ्या मोटारी येऊन उभ्या राहतात. बार्बरा जीन गाते, आणि या वेळी फार सुंदर गाते. आणि व्हायोलिनची पेटी घेऊन पाच दिवस शहरात हिंडणारा एक निरुपद्रवी दिसणारा तरुण पेटी उघडतो. गोळी सुटते ती उमेदवारावर नव्हे, गायिकेवर. का, ते चित्रपट सांगत नाही. काळ्या मोटारी निघून जातात. ओपलबाई नेमक्या त्या वेळी तिथे नसतात. मागाहून येऊन काय झाले, काय झाले म्हणून विचारीत सुटतात.

जखमी झालेला बुजुर्ग गायक हॅवन हॅमिल्टन लोकांना शांत राहायला सांगतो. हे डॅलस नव्हे, नॅशव्हिल आहे, असे बजावतो. १९६३ मध्ये डॅलसला केनेडींना गोळी लागली होती. १९७२ मध्ये मेरीलँडमध्ये जॉर्ज वॉलेस प्रचारसभेत गोळी लागून कायमचे पंगू झाले होते. प्रेक्षकांना हे समजावून सांगावे लागत नव्हते. हॅमिल्टन कोणीतरी गा म्हणून मायक्रोफोन पुढे करतो. स्यूलीन तिथेच मंचावर उभी आहे, आपली पाळी येईल म्हणून. मायक्रोफोन मिळतो तो विनिफ्रेड नावाच्या दुसऱ्याच बाईला. नवऱ्याला चुकवून गायिका व्हायला आलेली ही बाई, फाटक्या मोज्यांची. आदल्या एका प्रसंगी ती मोटारींच्या शर्यतीच्या मैदानात गायली होती आणि इंजिनांच्या गडगडाटात तिचा एक सूरही कोणाला ऐकू आला नव्हता. आता ती 'इट डोन्ट वरी मी' हे गाणे सुरू करते. आधी चाचरत, मग मोकळ्या गळ्याने. हिला खरोखरच गाता येते! गायकवृंद साथ धरतो, लोक टाळ्या धरतात, मुले गाऊ लागतात. रक्त अजून वाळलेले नाही. कॅमेरा वर वर जात आभाळात पोचतो.

हे गाणे धीराचे की बधिरपणाचे, यावर गेली पन्नास वर्षे वाद चालू आहे. मला विचाराल तर दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि ऑल्टमनने निकाल दिला नाही यातच त्याचा शहाणपणा आहे. लोक गातात म्हणून त्यांना मूर्ख ठरवणे सोपे. पण गोळीबारानंतर चेंगराचेंगरी झाली नाही, ती त्या गाण्यामुळेच, हेही डोळ्यांनी दिसते. आणि तरीही, ज्या फलकाखाली हे घडले तो कोणी खाली उतरवला नाही.

नॅशव्हिलच्या पुष्कळ गायकांना हा चित्रपट आवडला नाही. ही आमची गाणीच नव्हेत, मुंबईच्या माणसाने खेड्याची नक्कल करावी तसे हॉलिवुडच्या नटांनी आमचे केले आहे (उपमा अर्थात माझी), असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. दोनशे वर्षे टिकलो म्हणजे काहीतरी बरोबरच करीत असलो पाहिजे, अशा थाटाचे हॅमिल्टनचे गाणे ऐकताना दिग्दर्शक गालात हसतो आहे हे जाणवते, आणि हे हसणे दरवेळी निर्मळ वाटत नाही. पण ज्या वस्तुस्थितीवर तो हसतो तीही बनावट नव्हती. ओप्रीचे नवे नाट्यगृह १६ मार्च १९७४ रोजी उघडले तेव्हा वॉटरगेटने घेरलेले अध्यक्ष निक्सन स्वतः मंचावर आले, पियानो वाजवला, आणि त्याच रॉय अकफकडून यो-यो फिरवायला शिकले. त्याच उन्हाळ्यात त्याच नाट्यगृहात ऑल्टमनचे चित्रीकरण झाले. ते चालू असतानाच ९ ऑगस्टला निक्सन पदावरून गेले. चित्रपटातल्या हॅमिल्टनला वॉकरचा माणूस गव्हर्नरपदाचे गाजर दाखवतो, ते पाहताना नॅशव्हिलच्या लोकांना १९४८ आठवले नसेल असे कसे म्हणावे? आणि वॉलेस तर १९६८ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांबाहेर उभे राहून पाच राज्ये जिंकून गेले होते.

डिसेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कला जॉन लेननवर त्याच्याच एका चाहत्याने गोळ्या झाडल्या. तेव्हा एका वार्ताहराने ऑल्टमनला फोन करून विचारले की राजकारण्यांऐवजी कलावंतांना मारण्याची कल्पना तुमच्या चित्रपटाने दिली, तुम्हाला जबाबदार वाटत नाही का? ऑल्टमनने उलट विचारले की मी पाच वर्षांपूर्वी इशारा दिला होता, तो ऐकला नाही याबद्दल तुम्हाला काही वाटत नाही का? ऑल्टमन २००६ मध्ये वारले.

लिनियाबद्दलची एक गोष्ट सांगायची राहिली. ही भूमिका मुळात लुईझ फ्लेचर या नटीला डोळ्यांपुढे ठेवून घडवली होती. तिचे आईवडील दोघेही कर्णबधिर. खुणांची भाषा तिला घरातलीच. पण काम शेवटी गेले लिली टॉम्लिनकडे. फ्लेचरला 'वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट' हा दुसरा चित्रपट मिळाला. मौज अशी की १९७६ च्या ऑस्कर समारंभात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान 'नॅशव्हिल'ला डावलून त्याच चित्रपटाला मिळाला, आणि त्यातल्या कामाबद्दल फ्लेचरलाही पारितोषिक मिळाले. आभाराचे भाषण करता करता ती थांबली आणि दूरचित्रवाणीवर पाहत असलेल्या आईवडिलांशी हातांनी बोलू लागली. सभागृह अगदी निःशब्द झाले होते. त्या भाषणाचे चित्रण आजही पाहायला मिळते. दिवाळीच्या सुटीत 'नॅशव्हिल' पाहायला बसाल तर त्याच्या आधी किंवा नंतर तेही पाहा. दोन मिनिटांचे काम आहे. लहान मुलांना मात्र त्या बैठकीच्या प्रसंगामुळे जवळ बसवू नका, आणि इंग्रजी संवादांच्या ओळी खाली उमटवण्याची सोय असेल तर ती जरूर वापरा. आमच्या घरी तसे केले, आणि शेवटचा तासभर वर्तमानपत्र खाली ठेवलेले होते.